मानाच्या कड्या

घरोघरी औषधांचा एक डबा असतो. बहुतेकदा मिठाईचा, रिकामा झालेला. त्यात रबरबँडने बांधलेल्या अर्ध्यामुर्ध्या स्ट्रिप्स, तळाशी सुटून पडलेली एखादी गोळी, एक्स्पायरी उलटलेली एखादी बाटली. शिंकांवरची सेट्रिझिन या डब्यात हमखास सापडते. कुणाच्या तरी बिघडलेल्या पोटासाठी आणलेली आणि दुसऱ्या दिवशी बरे वाटल्यावर सोडून दिलेली सिप्रोफ्लॉक्सासिन असते. आजोबांच्या छातीतल्या दुखण्यावरची रॅनोलाझिन असते. घरात कुणी टीबीचे उपचार घेतले असतील तर लघवी नारिंगी करणारी रिफाम्पिसिन सगळ्यांनाच आठवत असते. घर गडचिरोली-चंद्रपूरकडचे असेल तर हत्तीरोगाच्या मोहिमेत गिळाव्या लागलेल्या डीईसीच्या गोळ्याही. सिल्डेनाफिल मात्र या डब्यात नसते. असलीच तर कपाटाच्या आतल्या कप्प्यात.

ॲलर्जी, जुलाब, हृदय, क्षय, हत्तीरोग आणि ते कप्प्यातले. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. तरीही या सहा औषधांचे रेणू कागदावर काढून शेजारी शेजारी ठेवले, तर प्रत्येकात कुठे ना कुठे तोच षट्कोन दिसतो. चार कोपऱ्यांवर कार्बन, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर नायट्रोजन. त्याचे नाव पायपेरॅझिन.

नावात 'पायपर' आहे, म्हणजे मिरी. डॅनिश शास्त्रज्ञ हान्स ख्रिश्चन अर्स्टेड याने १८१९ मध्ये काळ्या मिरीतले तिखट द्रव्य वेगळे काढले, ते पायपेरीन. पुढे त्याची मोडतोड करताना एक नायट्रोजन असलेली सहा अणूंची कडी हाती आली, ती पायपेरिडीन. तिच्यातल्या एका कार्बनच्या जागी आणखी एक नायट्रोजन बसवला की होते पायपेरॅझिन. मिरीत ही दुसरी नसते. नाव नुसते बहिणीवरून पडले. पाठ्यपुस्तके अशा आकाराला 'वलय' म्हणतात. पण या रेणूंचे काम प्रथिनाच्या खाचेत अडकण्याचे असल्यामुळे त्यांना 'कडी' म्हणणे अधिक शोभते.

पायपेरॅझिनची स्वतःची कारकीर्द तशी अडखळतच सुरू झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती गाउटवर देत असत, कारण परीक्षानळीत ती युरिक ॲसिड विरघळवते. शरीरात तिला ते जमत नाही, हे कळायला काही वर्षे गेली. मग १९५० च्या सुमारास ती जंतांवर चालते असे दिसले, आणि मुलांना चमच्याने पाजायच्या गोड सिरपमध्ये तिची सोय लागली. त्याआधी १९४७ मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेतून हत्तीरोगावरचे डीईसी बाहेर आले होते. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. डीईसी म्हणजे पायपेरॅझिनच्या दोन टोकांना दोन छोटी शेपटे लावलेला रेणू, याहून फारसे काही नाही.

ही कडी रसायनज्ञाच्या मनात भरते ती मात्र तिच्या स्वभावामुळे. दोन नायट्रोजन समोरासमोर असल्याने तिला दोन आकडे असतात: एकात रेणूचा एक तुकडा अडकवावा, दुसऱ्यात दुसरा. शिवाय नायट्रोजनला प्रोटॉन धरून ठेवायची सवय असते. त्यामुळे रेणूला भार येतो, त्याचा क्षार बनतो, आणि जे औषध पाण्यात खड्यासारखे पडून राहिले असते ते विरघळून रक्तात पोचते. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावरचे इमॅटिनिब बनत असताना अडचण नेमकी हीच होती. बासेलमधल्या चमूकडे खाचेत बसणारा रेणू होता, पण तो विरघळेना. युर्ग झिमरमन यांनी त्याच्या टोकाला पायपेरॅझिनची कडी जोडली आणि गोळी पोटातून घेता येण्याजोगी झाली. अमेरिकेत तिला मे २००१ मध्ये मंजुरी मिळाली. सिल्डेनाफिलमध्येही पायपेरॅझिन आहे ती विरघळवण्याच्याच कामासाठी.

०००

अशा पुन्हा पुन्हा कामाला येणाऱ्या आकारांना औषधरसायनात 'प्रिव्हिलेज्ड स्ट्रक्चर' म्हणतात. मराठीत त्यांना मानाच्या कड्या म्हणायला हरकत नाही. पुण्यात गणपती शेकड्यांनी असतात, पण मानाचे ठरलेले पाच. तसेच हे.

तसेच, म्हणजे किती, हे मोजूनही झाले आहे. गाय बेमिस आणि मार्क मुर्को या दोघा अमेरिकी संशोधकांनी १९९६ मध्ये ५,१२० औषधी रेणू घेतले, त्यांना लोंबणारी शेपटे कापून टाकली आणि मागे उरणारे सांगाडे मोजले. सांगाडे निघाले १,१७९. अणू कोणता हे बाजूला ठेवून नुसता आकार पाहिला, तर निम्मी औषधे अवघ्या ३२ आकारांत बसली. २०१४ मध्ये ॲरिझोना विद्यापीठातल्या योन न्यार्दार्सन यांच्या गटाने अमेरिकेत मान्यता मिळालेल्या औषधांची झाडाझडती घेतली. लहान रेणूंच्या औषधांपैकी ५९ टक्क्यांमध्ये नायट्रोजन असलेली कडी होती. पहिला नंबर पायपेरिडीनचा, म्हणजे मिरीवाल्या थोरल्या बहिणीचा. पायपेरॅझिन तिसरी.

हे वाचून दोन प्रश्न पडतात. या आकारांमध्ये निसर्गालाच काही दिसते, की माणसाला दुसरे काही सुचत नाही? प्रामाणिक उत्तर असे की दोन्ही. दोहोंचे प्रमाण कडीगणिक बदलते, आणि या विषयातली खरी गंमत तिथेच आहे.

०००

निसर्गाच्या बाजूने साक्ष द्यायला सगळ्यात आधी उभी राहील ती झोपेची गोळी.

लिओ स्टर्नबाख हा पोलिश ज्यू रसायनज्ञ १९३० च्या दशकात क्राकोवमध्ये रंगद्रव्यांच्या मागे होता. त्याने काही नवी संयुगे बनवली. रंग म्हणून ती अगदीच निकामी निघाली. स्टर्नबाख झुरिकला गेला, तिथून बासेलला रोश कंपनीत, आणि १९४१ मध्ये कंपनीने त्याला अमेरिकेत न्यू जर्सीतल्या नटली गावी हलवले. १९५० च्या दशकाच्या मध्यात 'मिलटाउन' नावाच्या शामक गोळीने अमेरिकेत धुमाकूळ घातला आणि रोशलाही तसे काहीतरी हवे झाले. स्टर्नबाखने क्राकोवची ती जुनी संयुगे पुन्हा काढली. त्याचे म्हणणे सरळ होते: ती बनवायला सोपी आहेत आणि त्यांच्यावर फारसे कुणी काम केलेले नाही. औषधशोधाच्या इतिहासात असली कारणे बरीच सापडतात, फक्त शोधनिबंधात ती लिहिली जात नाहीत.

चाळीसेक संयुगे झाली, एकही चालेना. वरून दुसरे काम आले. शेवटचे एक संयुग मेथिलअमाईनबरोबर मिसळून झाले होते, ते तपासणीला न जाता फळीवरच राहिले. १९५७ च्या वसंतात प्रयोगशाळेची साफसफाई निघाली तेव्हा सहकारी अर्ल रीडर याला ते स्फटिक दिसले. फेकण्याआधी एकदा तपासून घ्यावे म्हणून ते पाठवले गेले, आणि प्राण्यांवरच्या चाचण्यांमध्ये ते स्नायू सैल करणारे, शांत करणारे ठरले. त्या काळच्या औषधांपेक्षा सरस. मग कळले की मेथिलअमाईनने सहा अणूंची कडी ताणून सात अणूंची करून टाकली होती. स्टर्नबाखला जे बनवले असे वाटत होते, ते हे नव्हतेच. असा जन्म झाला बेन्झोडायाझेपिनचा. १९६० मध्ये लिब्रियम आले, १९६३ मध्ये व्हॅलियम. १९७८ या एका वर्षात व्हॅलियमच्या २३० कोटी गोळ्या विकल्या गेल्या. तिचाच भारतीय अवतार म्हणजे 'काम्पोज'. एका पिढीच्या मराठी घरांत 'काम्पोज घेऊन झोप' हा सल्ला डॉक्टरला न विचारताही दिला जाई.

दिवाळीत घरी चकलीचा सोऱ्या निघतो. भांडे एकच, आतली चकती बदलली की कधी चकली, कधी शेव, कधी कडबोळी. पुढची वीस वर्षे औषध कंपन्यांनी या सात अणूंच्या भांड्याच्या चकत्या बदलल्या: लोराझेपाम, क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम. आणि एवढे सगळे होत असताना ही औषधे मेंदूत नेमकी कुठे बसतात हे कुणालाच माहीत नव्हते. ती जागा १९७७ मध्ये सापडली. पहिल्या गोळीला तोवर सतरा वर्षे झाली होती.

इथवर ही एका औषधकुळाची गोष्ट आहे. 'मान' मिळाला तो पुढे. १९८५ मध्ये मर्क कंपनीच्या संशोधकांनी ॲस्परजिलस जातीच्या एका बुरशीतून ॲस्परलिसिन नावाचा रेणू वेगळा केला. पित्ताशयाला आकुंचन पावायला लावणाऱ्या कोलेसिस्टोकायनिन या हार्मोनची वाट तो अडवतो. झोपेशी, चिंतेशी त्याचा काही संबंध नाही. पण त्या अवाढव्य रेणूच्या पोटात बेन्झोडायाझेपिनची ओळखीची कडी होती. बेन एव्हान्स आणि सहकाऱ्यांनी बाकीचे सगळे झडझडून काढले, कडी तेवढी ठेवली, आणि मूळ रेणूपेक्षा कितीतरी प्रभावी असे डेव्हाझेपाइड तयार केले. ते बाजारात आले नाही. मात्र १९८८ च्या त्यांच्या निबंधातला एक विचार उरला: काही आकार असे असतात की त्यांना एकाहून अधिक, एकमेकांशी नाते नसलेली कुलपे लागतात. 'प्रिव्हिलेज्ड' हा शब्द तिथला.

असे का होत असावे, याचे एक पटणारे स्पष्टीकरण आहे. प्रथिनांची साखळी ठिकठिकाणी केसाच्या पिनेसारखी वळते, आणि प्रथिने एकमेकांना ओळखतात ती बऱ्याचदा या वळणांवरून. सात अणूंची ही कडी थोडी वाकलेली, थोडी ताठ असते. तिच्यावरचे तुकडे ज्या दिशांना रोखलेले असतात, त्या या वळणांवरच्या तुकड्यांशी जुळतात. म्हणजे ती एका कुलपाची किल्ली नसून किल्लीचा घडवलेला दांडा आहे; दाते आपण पाडायचे.

दाते पाडलेही गेले. एचआयव्हीवरच्या नेव्हिरापिनच्या मध्यभागी याच घराण्यातली सात अणूंची कडी आहे. मुंबईच्या सिप्लाने तीन औषधे एका गोळीत बसवून २००१ मध्ये वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली, त्या तिघांतले एक नेव्हिरापिन होते. स्किझोफ्रेनियावरच्या क्लोझापिनमध्ये तर दोन मानाच्या कड्या एकत्र नांदतात: मध्ये डायाझेपिन, टोकाला पायपेरॅझिन.

०००

सल्फाची गोष्ट वेगळी. तिथे रेणूच्या तुकड्याला मान मिळाला तो डॉक्टरांनी दुष्परिणाम नीट पाहिल्यामुळे.

गेऱ्हार्ड डोमाक याने बायर कंपनीत १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रॉन्टोसिल हे लाल रंगद्रव्य जिवाणूंच्या संसर्गावर चालते हे दाखवले. १९३५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये कळले की रंगाचा काही उपयोग नाही. शरीरात रेणू फुटतो आणि काम करतो तो त्यातला बिनरंगाचा तुकडा, सल्फानिलामाइड. हा तुकडा व्हिएन्नाच्या पॉल गेल्मो याने १९०८ मध्येच बनवून ठेवला होता. त्यावर कुणाची मालकी उरली नव्हती, त्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळा त्याला निरनिराळ्या कड्या जोडू लागल्या. पिरिडीन जोडले की सल्फापिरिडीन, थायाझोल जोडले की सल्फाथायाझोल.

मुंबईत परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्येही हे काम चालले होते, आणि तिथे त्याला निकड होती. १८९६ साली या शहरात शिरलेला प्लेग देशातून गेलेला नव्हता. लस होती, पण गाठ आलेल्या रोग्याला द्यायला हाती धड काही नव्हते. १९४१ मध्ये 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये वागळे, सोखी, दीक्षित आणि गणपती यांचा प्लेगवरच्या रसायनोपचाराचा निबंध आला. साहिबसिंग सोखी हे संस्थेचे संचालक होते. जर्मन रंगाच्या कारखान्यातून निघालेला रेणूचा तुकडा असा भारतातल्या प्लेगच्या खाटेपर्यंत पोचला. सल्फा औषधांच्या परदेशी इतिहासांत या निबंधाला क्वचितच जागा मिळते. मिळायला हवी.

आता दुष्परिणामांकडे. सल्फा घेणाऱ्या काही रुग्णांना लघवी जास्त होई आणि रक्ताची आम्लता बिघडे. शोध घेतल्यावर दिसले की हा रेणू मूत्रपिंडातले एक एन्झाइम अडवतो. तोच गुण जोपासून ॲसिटाझोलामाइड झाले. हिमालयात ट्रेकला जाणारे पुणेकर विरळ हवेसाठी खिशात ठेवतात ती 'डायमॉक्स' हीच. त्यातून पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस मर्कचे क्लोरोथायाझाइड आले, आणि रक्तदाबावर रोज घेण्याजोगी गोळी डॉक्टरांच्या हाती पडली.

दुसरा धागा फ्रान्समधल्या माँपेलिएचा. १९४२ मध्ये मार्सेल जाँबाँ हे विषमज्वराच्या रुग्णांना एक नवे सल्फा देत होते. काहींना ग्लानी आली, झटके आले, काही दगावले. रक्तातली साखर धोकादायक उतरली होती. त्यांनी ही गोष्ट ऑगस्त लूबातिएर या सहकाऱ्याच्या कानावर घातली. लूबातिएर यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवले की हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. आज भारतात लाखो मधुमेही घेतात ती ग्लिमेपिराइड या माँपेलिएच्या वॉर्डाची वारस आहे. जंतूंवरचे औषध, लघवीचे औषध, साखरेचे औषध: गंधक, दोन ऑक्सिजन आणि एक नायट्रोजन यांची जुळणी तिन्हींत तीच. जुन्या औषधापासून सुरुवात करणे हाच नव्या औषधाचा सर्वांत फलदायी मार्ग, असे नोबेलविजेते जेम्स ब्लॅक सांगत, ते अशा उदाहरणांच्या बळावर.

०००

पेनिसिलिनच्या बाबतीत 'तुकडा' हा शब्द अक्षरशः खरा ठरला. बुरशी जे पेनिसिलिन बनवते त्याची शेपटी कापून गाभा वेगळा करता येतो, हे बीचम कंपनीच्या चमूने १९५९ मध्ये जाहीर केले. या गाभ्याला धंद्यात 'सिक्स-एपीए' म्हणतात. चार अणूंची ताणलेली कडी आणि तिला चिकटलेली पाच अणूंची कडी. त्या गाभ्याला नवी शेपटी लावली की ॲम्पिसिलिन, दुसरी लावली की ॲमॉक्सिसिलिन. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने, पेनिसिलिन देशातच करण्यासाठी. पुढे चिनी माल स्वस्त पडू लागला आणि ॲमॉक्सिसिलिनची गोळी भारतात बनत राहिली तरी तिचा गाभा बाहेरून येऊ लागला. २०२० मध्ये केंद्र सरकारने देशातल्या कच्च्या औषधी मालासाठी प्रोत्साहन योजना आणली, तेव्हा यादीत पेनिसिलिन-जी ठळकपणे होते. ज्याच्या हाती कडी, त्याच्या हाती बाजार, हे सरकारला पिंपरीनंतर सहा-साडेसहा दशकांनी पुन्हा आठवले.

०००

आता माणसाच्या सवयीची बाजू. रसायनज्ञ रेणू बनवतो तो कॅटलॉगात जे मिळते त्यातून, आणि जी प्रक्रिया सोमवारी लावली की बुधवारी नक्की होते त्या प्रक्रियेने. ॲस्ट्राझेनेकाच्या डीन ब्राउन आणि योनास बोस्ट्रम यांनी १९८४ आणि २०१४ या दोन वर्षांतले औषधरसायनाचे निबंध ताडून पाहिले. तीस वर्षांत बदल फार थोडा. अमाइड जोडणी तेव्हाही पुढे, आताही पुढे. नव्यांपैकी जोरात शिरली ती सुझुकी जोडणी, जी दोन चपट्या कड्या एकमेकींना चिकटवते. साहजिकच प्रयोगशाळांच्या फळ्या चपट्या, पोळीसारख्या रेणूंनी भरल्या. २००८ मध्ये अमेरिकेतल्या रासायनिक नोंदवहीतल्या २ कोटी ४० लाख संयुगांचे सांगाडे तपासले गेले, तेव्हा निम्मी संयुगे १४३ आकारांत मावली. या नोंदवहीत नुसती औषधे नसतात. म्हणजे औषधांतल्या पुनरुक्तीचा बराच भाग निसर्गाच्या नव्हे, गोदामाच्या खात्यावर टाकावा लागतो.

शिवाय काही आकारांना मान मिळतो तो खोटाच. कुठलीही चाचणी लावा, हे रेणू 'लागू पडतो' असेच उत्तर देतात; कारण ते प्रथिनाला नुसते चिकटतात, गुठळ्या करतात किंवा स्वतःच चमकून यंत्राला फसवतात. मेलबर्नच्या जोनाथन बेल आणि जॉर्जिना हॉलोवे यांनी २०१० मध्ये अशा भामट्यांची यादीच छापली. या वर्गात ज्याचे नाव निघाल्यावर भारतीय वाचक दुखावतो, ते म्हणजे हळदीतले कर्क्युमिन. २०१७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी त्याचा सविस्तर पंचनामा केला: शरीरात टिकत नाही, रक्तात फारसे पोचत नाही, आणि शंभराहून अधिक चाचण्या होऊनही दुहेरी अंधपद्धतीने त्याचा गुण ठामपणे सिद्ध झालेला नाही. जखमेवर हळद दाबण्याचे पेटंट १९९७ मध्ये अमेरिकेत रद्द करवून घेतले ते रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने. तो लढा हे ज्ञान कुणाचे याचा होता, आणि तो रास्तच होता. कर्क्युमिनची कॅप्सूल काम करते का, हा प्रश्न त्या निकालात नव्हता. सांगलीच्या बाजारातल्या हळदीचा मान मसाल्याच्या डब्यात अबाधित आहे.

०००

एका कडीचा माग सलग घ्यायचा तर क्विनोलीनचा घ्यावा. १८३४ मध्ये ती कोळशाच्या डांबरात सापडली. काही वर्षांनी सिंकोना झाडाच्या सालीतल्या क्विनीनमधूनही निघाली. दोन बेंझिनसारख्या कड्या एकमेकींना चिकटलेल्या, एकीत नायट्रोजन. १९३४ मध्ये बायरच्या हान्स आंडरसाग याने तिच्यावरच हिवतापाचे क्लोरोक्विन उभारले. क्लोरोक्विन बनवताना निघणाऱ्या एका दुय्यम पदार्थात स्टर्लिंग-विन्थ्रॉप कंपनीच्या जॉर्ज लेशर यांना जंतुनाशक गुण दिसला. त्यातून १९६२ मध्ये नॅलिडिक्सिक ॲसिड आले. जपानमध्ये त्याच धर्तीच्या सांगाड्यावर फ्लोरीन आणि पायपेरॅझिन बसवून नॉरफ्लॉक्सासिन झाले, मग सिप्रोफ्लॉक्सासिन. म्हणजे मिठाईच्या डब्यातल्या त्या उरलेल्या गोळीत मिरी आणि सिंकोना या दोघींच्या नावाचे नातेवाईक राहतात.

२०१२ च्या डिसेंबरमध्ये हीच क्विनोलीन टीबीत आली. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरचे बेडाक्विलिन. जंतूला ऊर्जा पुरवणारे चक्रच ते थांबवते, जे आधीचे कुठलेही टीबीचे औषध करत नव्हते. ते बनवणाऱ्या कंपनीने मूळ रेणूच्या पेटंटखेरीज त्याच्या फ्युमरेट क्षारासाठीही भारतात अर्ज केला होता. तो मिळता तर मक्तेदारी २०२७ पर्यंत चालली असती. भारतीय कायद्याचे कलम ३(ड) इथे आडवे येते. ज्ञात पदार्थाचे नवे रूप, क्षार किंवा स्फटिक, परिणामकारकता लक्षणीय वाढवत नसेल तर ते पेटंटयोग्य शोध मानले जात नाही. याच कलमावर १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आफताब आलम आणि रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने इमॅटिनिबच्या एका स्फटिकरूपाला नकार दिला होता. त्या रेणूला विरघळवणारी पायपेरॅझिन जुनीच होती; वाद होता त्याच्या क्षाराच्या रचनेचा.

बेडाक्विलिनच्या अर्जाला विरोध करणाऱ्यांत दोघीजणी टीबीतून उठलेल्या होत्या: मुंबईच्या नंदिता वेंकटेसन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. दोघींचीही श्रवणशक्ती जुन्या टीबी-औषधांच्या दुष्परिणामांनी गेली होती. २३ मार्च २०२३ रोजी, जागतिक क्षयरोग दिनाच्या आदल्या दिवशी, मुंबईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. जुलैमध्ये मूळ रेणूच्या पेटंटची मुदतही भरली, आणि त्या क्विनोलीनवरचे औषध भारतात कुणालाही बनवायला मोकळे झाले.